संगणकीय आज्ञावली व मार्गनिश्चिती

आपली माहिती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे प्रत्येक आज्ञावलीस ठाऊक असावे लागते. तथापि तो मार्ग आज्ञावलीतच कायमचा लिहिणे सदोष होय. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याच्या विभाजनातून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. गावे जागेवरच राहिली. अशा नावाचा फोल्डर बदलल्यास मात्र, नोंदी शाबूत असूनही, जुना मार्ग धरून बसलेली आज्ञावली अडते. म्हणून मार्ग सुरुवातीसच क्रमाने शोधावा : प्रथम वापरकर्त्याने दिलेला, नंतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधील, शेवटी प्रणालीचा प्रमाणित. लिनक्समध्ये वैयक्तिक सेटिंग्ज सामान्यतः होम फोल्डरातील ‘.कॉन्फिग’मध्ये, तर विंडोजमध्ये ‘ॲपडेटा’मध्ये असतात. मार्ग न सापडल्यास आज्ञावलीने गुपचूप नवा रिकामा फोल्डर न करता तसे स्पष्ट कळवावे. अन्यथा नोंदी नष्ट झाल्याचा गैरसमज होतो.