विश्लेषण : बोट शिडाची, प्रवास डिझेलचा? शिडाच्या बोटी खरोखर किती वेळ वाऱ्यावर चालतात?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरील इटियाडोह धरण भरले, की सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहायला गर्दी होते. एवढा मोठा जलाशय, त्यावर मोकळा वारा. मग इथे शिडाच्या बोटी का नाहीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. डिझेलचा खर्च नाही, धूर नाही, आवाज नाही. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. ज्यांच्याकडे शिडाच्या बोटी आहेत, ते तरी किती वेळ शिडावर चालतात? यातील बहुतेक बोटींना डिझेल इंजिन असते आणि ते वाटते त्यापेक्षा बरेच जास्त वापरले जाते. कारण फक्त वारा नाही. खरे कारण घड्याळ आहे.

शिडाच्या बोटीत इंजिन कशासाठी?

समुद्रात फिरणाऱ्या 30 ते 40 फुटांच्या शिडाच्या बोटीत साधारण 20 ते 40 अश्वशक्तीचे छोटे डिझेल इंजिन असते. बंदरात इतर बोटींच्या गर्दीतून वाट काढणे, धक्क्याला लागणे, नांगर टाकणे किंवा उचलणे, ही कामे शिडावर करता येतात, पण त्यासाठी मोठे कौशल्य आणि मोकळी जागा लागते. म्हणून निघताना आणि परतताना इंजिन जवळजवळ ठरलेलेच. दिवे, रेडिओ, दिशादर्शक यंत्रे यांची बॅटरी चार्ज करण्यासाठीही ते सुरू केले जाते. वारा पडला किंवा हवामान बिघडले, तर किनारा गाठण्याचे साधनही तेच.

वारा असूनही इंजिन का सुरू होते?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. शिडावर येणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारा निम्मा झाला, की जोर एक चतुर्थांश उरतो. ताशी 12 सागरी मैलांच्या वाऱ्यात झपाझप जाणारी बोट 6 मैलांच्या वाऱ्यात रेंगाळते.

दुसरी अडचण दिशेची. कोणतीही शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, अशी नागमोडी वाट घ्यावी लागते. त्यामुळे 10 सागरी मैलांचे सरळ अंतर सुमारे 14 मैलांचे होते. बोटीचा वेग ताशी 5 सागरी मैल धरला, तर इंजिनवर 2 तासांत संपणारा प्रवास शिडावर पावणेतीन तासांहून अधिक घेतो. त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह उलटा असेल, तर आणखी उशीर. सोमवारी सकाळी कार्यालय गाठायचे असेल, तर बहुतेक मालक काय करतील, हे सांगायला नको.

मुंबईच्या किनाऱ्यावर वारा कधी साथ देतो?

शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. पावसाळा सोडून, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे या काळात, मुंबईजवळ रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो. सकाळी उशिरा तो पडतो. दुपारनंतर जमीन तापली, की समुद्राकडून वायव्येचा खारा वारा जोर धरतो.

आता गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जायचे आहे असे समजा. मांडवा मुंबईच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे आहे. सकाळी निघालात, तर वारा पुरेसा नसण्याची शक्यता मोठी, म्हणजे इंजिन. दुपारी वायव्येचा वारा पाठीशी असतो, तेव्हा शीड उत्तम चालते. पण संध्याकाळी परतताना तोच वारा जवळजवळ समोरून येतो, म्हणजे पुन्हा इंजिन किंवा लांबलेली नागमोडी वाट. पावसाळ्यात वारा भरपूर, पण समुद्र खवळलेला. त्या महिन्यांत हौशी मालकांच्या अनेक बोटी पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या असतात.

मुंबईत हौशी शिडाच्या नौकानयनाची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 मधली. तेव्हा बोटीवर इंजिन नसे, त्यामुळे वारा पडला तर थांबण्यावाचून पर्याय नव्हता.

कोळी बांधवांनी शीड का उतरवले?

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी पिढ्यान् पिढ्या शिडावर झाली. वारा ओळखणारा तांडेल ही नावेची खरी ताकद होती. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः 1950 च्या दशकापासून, सरकारी कर्जे आणि सहकारी संस्थांच्या मदतीने नावांवर इंजिने बसू लागली. मासळी नाशवंत असते. वारा पडला आणि नाव सहा तास उशिरा लागली, तर भाव पडतो किंवा माल फेकावा लागतो. वारा फुकट होता, उशीर मात्र महाग पडत होता. हौशी मालक वेळ वाचवण्यासाठी इंजिन लावतो, कोळ्याने ते पोटासाठी लावले.

वाऱ्यावर पूर्ण भरवसा त्याआधीही कुणी ठेवला नव्हता. मराठा आरमारातील गलबतांना शिडांबरोबर वल्ही असत. वारा पडला, की वल्ह्यांवर चालणारी गलबते मोठ्या गुराबांना ओढून नेत. शत्रूची जड जहाजे अशा वेळी जागच्या जागी अडकत आणि आंग्र्यांच्या आरमाराने याचा पुरेपूर फायदा घेतला. आजच्या डिझेल इंजिनाचे काम तेव्हा माणसांचे दंड करत होते.

संपूर्ण प्रवास शिडावर कोण करते?

जिथे नियमच तसा आहे, तिथे. भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ उपक्रमात केवळ शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. अशा प्रदक्षिणेचे निकष कडक आहेत. किमान 21,600 सागरी मैल अंतर, विषुववृत्त ओलांडणे आणि जिथे इंजिन किंवा दुसऱ्या जहाजाची ओढ लागते असे कालवे, सामुद्रधुन्या टाळणे. सुएझ कालव्यातून शिडावर जाताच येत नाही. त्यामुळे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेला दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो.

कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात चार थांबे घेत एकट्याने ही प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी ‘म्हादई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. याच बोटीवर अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. याच कारखान्यातील ‘तारिणी’वर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये जगाला फेरी मारली.

‘तारिणी’चे आकडे बोलके आहेत. 254 दिवसांच्या मोहिमेत 199 दिवस समुद्रात आणि अंतर सुमारे 21,600 सागरी मैल. भागाकार केला तर सरासरी वेग येतो ताशी साडेचार सागरी मैल, म्हणजे सव्वाआठ ते साडेआठ किलोमीटर. रमतगमत चालवलेल्या सायकलपेक्षाही कमी. दक्षिण महासागरातील वादळी वारे आणि विषुववृत्ताजवळ वारा पडलेले दिवस, दोन्ही या सरासरीत आहेत. शिडावरचा प्रवास जमतो, पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते.

एखादा मालक किती वेळ शिडावर चालला, हे कसे कळते?

बहुतेक डिझेल इंजिनांवर ते एकूण किती तास चालले, हे दाखवणारे मीटर असते. हंगामातील समुद्रावरचे एकूण तास नोंदवहीतून काढायचे आणि त्यातून इंजिनचे तास वजा करायचे. समजा, हंगामात 20 फेऱ्या, प्रत्येकी 4 तासांची. एकूण 80 तास. मीटर 45 तासांनी पुढे सरकले असेल, तर निम्म्याहून जास्त वेळ इंजिन चालले. हे केवळ उदाहरण आहे, पण जुनी बोट घेणारा जाणकार ग्राहक आधी हेच मीटर पाहतो. यातही एक मेख आहे. नांगर टाकून केवळ बॅटरी चार्ज करतानाचे तासही मीटरवर चढतात. त्यामुळे नोंदवही नसेल, तर मीटरवरून अर्धेच चित्र कळते.

शीड आणि इंजिन दोन्ही सुरू असेल तर?

वारा कमी असताना अनेकजण शीड उभारून इंजिनही चालवतात. लांबून बोट वाऱ्यावर चाललेली दिसते. पण समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती त्या क्षणी इंजिनची बोट ठरते. दिवसा तिने टोक खाली असलेला काळा शंकू पुढच्या बाजूला टांगावा, असा नियम आहे. हा तपशील किरकोळ नाही. समोरासमोर आल्यावर इंजिनच्या बोटीने सहसा शिडाच्या बोटीला वाट द्यायची असते. समोरच्याला आपले इंजिन सुरू आहे हे कळले नाही, तर दोघांचाही अंदाज चुकू शकतो.

इटियाडोहसारख्या जलाशयावर शीड शक्य आहे का?

शक्य आहे, पण समुद्रातल्या मोठ्या बोटीचे नाही. तिच्या तळाला जड, खोल कणा असतो. त्याला दीड-दोन मीटर पाणी सहज लागते आणि सिंचनासाठी पाणी सुटले, की उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरते. जलाशयावर चालते ती एक-दोन जणांची लहान बोट. तिच्या तळाची फळी वर उचलता येते आणि तिला इंजिनच नसते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र अशाच बोटी चालवायला शिकतात. भोपाळच्या मोठ्या तलावावरही शिडाच्या बोटींचे प्रशिक्षण चालते. या बोटी पूर्ण वेळ वाऱ्यावर चालतात. मात्र त्या उलटल्या तर धावून जाणारी इंजिनची बचाव बोट शेजारी लागतेच. विदर्भात उन्हाळी दुपारी अचानक सुटणारे वादळी वारे पाहता हा खर्च टाळता येणार नाही.

गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर धिवर समाजाचा डोंगा वल्ह्यावर किंवा बांबूवर चालत आला आहे. संध्याकाळी जाळे टाकायचे, पहाटे वारा शांत असताना काढायचे. या कामाला शीड उपयोगाचे नाही. फळी लावलेली बोट जाळ्यावरून गेली, तर जाळे फाटेल आणि नुकसान मच्छीमाराचे होईल. म्हणून कुठल्याही जलाशयावर शिडाच्या बोटी आणायच्या असतील, तर बोट खरेदी करण्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात : कोणत्या भागात जाळी असतात, कोणत्या महिन्यांत पाणी आणि वारा दोन्ही पुरेसे असतात आणि बचाव बोट कोण चालवणार. ही उत्तरे नसतील, तर फुकटच्या वाऱ्याची बोट थोड्याच दिवसांत काठावर उलटी घातलेली दिसेल आणि पर्यटक पुन्हा डिझेलच्याच बोटीत बसतील.