म्हाताऱ्या व्हॅनचे पथ्यपाणी

ज्यांची मुले-सुना अमेरिकेत संसार थाटून बसली आहेत, त्यांना ‘मिनिव्हॅन’ ही चीज नवखी नाही. क्रायस्लर कंपनीने १९८४ सालचे मॉडेल म्हणून डॉज कॅरव्हॅन बाजारात आणली आणि मुलेबाळे, सामानसुमान नि आजीआजोबा अशा साऱ्या लवाजम्याला एकाच गाडीत जागा झाली. पुढे १९८९ साली तिला चार वेगांचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळाला. पायाला क्लच नको, हाताला गिअर नको! पण हे सुख टिकते ते आतल्या तेलावर. इंजिनची शक्ती पुढे नेणे, क्लचच्या चकत्या दाबून धरणे, उष्णता वाहून नेणे, ही सारी कामे त्या तेलाचीच.

अशी जुनी गाडी अजून दारात असेल, तर तिची तीन पथ्ये सांभाळावीत.

पहिले पथ्य तेलाच्या जातीचे. या गिअरबॉक्सला ‘एटीएफ प्लस’ जातीचे तेल लागते. हाताशी आहे म्हणून डेक्स्रॉन ओतले, तर गाडी थरथरते आणि चकत्या झिजतात.

दुसरे पातळीचे. गाडी सपाट जागी उभी करून, पार्कमध्ये ठेवून, तापलेले इंजिन चालू असतानाच पट्टी पाहावी. तेल कमी पडले तर क्लच घसरतो. जास्त झाले तर फेस येतो.

तिसरे तेल बदलण्याचे. गाडी भक्कम स्टँडवरच ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे प्राणाशी गाठ. तेल कोमट असावे, कढत नव्हे. तळाची थाळी एका कोपऱ्यातून हळूच झुकवावी. सुमारे चार लिटर तेल निघते. निम्म्याहून अधिक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये व इतरत्र राहते. म्हणून निघाले तेवढे मोजून नवे घालावे. फिल्टरही बदलावा. थाळीतल्या लोहचुंबकावर करडा, मऊ लेप दिसला तर घाबरू नये. धातूचे तुकडे दिसले, तर मात्र हत्यारे खाली ठेवून जाणत्या कारागिराला गाठावे.

जुने तेल गटारात ओतू नये. ते डब्यात भरून द्यावे. सुट्या भागांची पुष्कळ दुकाने ते स्वीकारतात.

गिअरबॉक्स नवा बसवायचा, तर खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीहून अधिक होतो. त्यापुढे शनिवारची एक दुपार नि चार लिटर तेल हा सौदा कोणत्याही गृहिणीला पटेल!