त्रिशाखी तंत्रिकाशूल व प्रारण शस्त्रक्रिया

चेहऱ्याच्या एका बाजूस विजेच्या झटक्यासारख्या तीव्र कळा येण्याच्या विकारास त्रिशाखी तंत्रिकाशूल म्हणतात. कळ काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत टिकते. बोलणे, चावणे, तोंड धुणे किंवा वाऱ्याची झुळूक एवढ्यानेही ती उद्‌भवते. दाढदुखी समजून निरोगी दात काढले जाण्याचे प्रकारही घडतात.

पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेचे (मज्जातंतूचे) मूळ मस्तिष्क स्तंभाजवळ रोहिणीने दाबले जाऊन तंतूंवरील मायलिनाचे आवरण झिजणे, हे याचे नेहमीचे कारण होय. उघड्या तंतूंतील संवेद शेजारच्या तंतूंत शिरतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मात्र हेच आवरण शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) नष्ट होते.

प्रथम कार्बामाझेपीन हे औषध देतात. ते निरुपयोगी ठरल्यास रोहिणीचा दाब दूर करणारी शस्त्रक्रिया करतात. वार्धक्यामुळे वा अन्य व्याधींमुळे ती धोक्याची असल्यास प्रारण शस्त्रक्रिया हा पर्याय असतो. ही कल्पना स्वीडनमधील तंत्रिका शस्त्रक्रियाविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये मांडली. ‘गॅमा नाइफ’ या उपकरणात कोबाल्ट-60 च्या सुमारे 200 उद्‌गमांपासून निघणारे गॅमा किरण एका बिंदूवर एकत्र येतात. कवटी उघडावी लागत नाही. तंत्रिकामुळावर एकाच बैठकीत साधारणतः 70 ते 90 ग्रे इतकी कमाल मात्रा देतात.

वेदना तत्काळ थांबत नाही. आराम पडण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. तोवर औषध चालू ठेवणे आवश्यक असते. बबून माकडांवरील प्रयोगांत 80 ग्रे मात्रेने तंत्रिका तंतूंचा स्थानिक अपकर्ष, तर 100 ग्रे मात्रेने ऊतकमृत्यू झालेला आढळला. म्हणजे हा उपचार शोथ शमविणारा नसून वेदनावाहक तंतूंना मर्यादित इजा करणारा आहे.

यामुळेच मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत वेदना कमी झाली, तरी मूळ शोथविकार कायम राहतो व वेदना पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता अधिक असते. त्या विकारावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. चेहऱ्याला बधिरता येणे हा प्रमुख दुष्परिणाम होय. उपचार पुन्हा केल्यास तिचा संभव वाढतो. डोळ्याच्या स्वच्छमंडलाची संवेदना गेल्यास इजा लक्षात येत नाही. म्हणून डोळ्याची विशेष काळजी घ्यावी लागते.