झाकण बघून डबा घ्यावा

प्लास्टिकचा डबा हातात घेतला की किमतीआधी त्याच्या वजनाकडे बघावं. दिवाळीच्या तोंडावर तुळशीबागेत काय, दादरच्या रानडे रोडवर काय, ‘काहीपण घ्या पन्नास’ची आरोळी सगळीकडे सारखीच. ताडपत्रीवर पसरलेल्या ढिगात दोन डबे दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. एक उचलला की हाताला भार लागतो, दुसरा हातात आहे की नाही ते कळत नाही. त्या फरकातच बरीचशी गोष्ट आली.

प्लास्टिकचं सामान बनवणारे लोक ग्रॅममध्ये हिशेब करतात. कारखान्यात कच्चा माल ‘दाण्या’च्या रूपात येतो. तो साबुदाण्याएवढा किंवा किंचित मोठा असतो आणि २५ किलोच्या पोत्यांतून येतो. घरगुती डब्यांसाठी मुख्यतः वापरतात त्या पॉलिप्रॉपिलीनचा नवा, म्हणजे ‘व्हर्जिन’ दाणा गेली काही वर्षं किलोला साधारण शंभर ते सव्वाशे रुपयांच्या घरात फिरतो आहे. तीनेक लिटरचा बऱ्यापैकी डबा सव्वादोनशे ग्रॅमचा असेल, तर नुसत्या दाण्याचेच बावीस ते अठ्ठावीस रुपये झाले. त्यावर वीज, साचा, मजुरी, टेम्पो, घाऊक व्यापारी आणि शेवटी ताडपत्रीवाल्याचे चार पैसे. म्हणजे तो डबा पन्नासला मिळाला तर स्वस्त पडला, पण गणित बसतं. तेवढ्याच वजनाचा डबा कुणी पंचविसाला देऊ लागला, तर विचारावं की यात दाणा कोणता आहे? त्याचं उत्तर विक्रेत्याकडून मिळणार नाही. ‘ताई, एकदम व्हर्जिन माल, फूड ग्रेड!’ हे वाक्य त्याला पाठ आहे. उत्तर डब्यातच शोधावं लागतं.

दाणा स्वस्त करण्याचे मार्ग दोन. पहिला भंगाराचा. धारावीतल्या तेरा कंपाऊंडमध्ये मुंबईचं प्लास्टिक येऊन पडतं. ते रंगानुसार आणि जातीनुसार निवडलं जातं, यंत्रात भरडलं जातं, धुऊन वाळवलं जातं, वितळवून त्याच्या दोऱ्या ओढल्या जातात आणि त्या कापून पुन्हा दाणा होतो. हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. शहराचा कचरा ते अंगावर घेतात. बादली, खुर्ची, झाडूची मूठ, कुंडी यांसाठी तो दाणा उत्तम. पण भंगारात तेलाचा कॅन, फिनेलची बाटली आणि औषधाचा डबा शेजारी शेजारी असतात. धुतल्यावर वरची घाण जाते, प्लास्टिकने आत शोषलेलं जात नाही. म्हणून त्या दाण्याच्या डब्यात चिवडा भरायचा नाही, खिळे भरायचे.

दुसरा मार्ग ‘फिलर’चा. खडूची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, प्लास्टिकपेक्षा फार स्वस्त. ती मिसळली की डबा जड आणि कडक होतो, घेणाऱ्याला मजबूत वाटतो. इथे वजनाची कसोटी फसते, आणि म्हणून लगेच दुसरी लावावी लागते. ही घरी करायची. डबा किंवा त्याचं झाकण बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवा, आत अडकलेली हवा जाऊ द्या आणि हात सोडा. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या नऊ-दशांश आहे, तेव्हा ते वर आलंच पाहिजे. बुडालं तर एक तर ते दुसऱ्या जातीचं प्लास्टिक आहे, किंवा त्यात भरपूर खडू आहे. खडूचं प्रमाण वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलं की पॉलिप्रॉपिलीन तरंगायचं थांबतं. त्याहून कमी भेसळ या कसोटीतून निसटते हेही खरं.

खडू लपत नाही तो बिजागरीत. चार बाजूंना पंख असलेली, ‘खट्ट’ आवाज करून लागणारी झाकणं आठवा. तिथे वेगळी बिजागरी नसते. प्लास्टिकचाच पातळ पापुद्रा ठेवलेला असतो आणि त्यावर पंख वाकतो. पॉलिप्रॉपिलीनचा हा खास गुण. पहिल्यांदा वाकताना त्यातले लांबलचक रेणू वाकण्याच्या दिशेने ओढले जाऊन सरळ होतात, आणि मग तो पापुद्रा हजारो वेळा वाकला तरी तुटत नाही. खडू मिसळला की हा गुण जातो. दुकानात उभ्या उभ्या प्रत्येक पंख दहा वेळा उघडझाप करून बघावा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्यावं. घडीवर पांढुरकी रेघ आली तर घाबरू नये, ती येतेच. बारीक चीर दिसली किंवा ‘कट्’ असा आवाज आला की डबा खाली ठेवावा.

डब्याचा कस झाकणात आहे असं मी मानतो. अंग बनवणं सोपं, कुणीही बनवतो. अंग आणि झाकण वेगवेगळ्या साच्यांतून निघतात, थंड होताना वेगवेगळे आकसतात, आणि तरी एकमेकांवर केसभराच्या फरकाने बसावे लागतात. पैसे जातात ते इथे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अर्ल टपर याला चाळीसच्या दशकात डू पाँट कंपनीकडून पॉलिथिनचा टाकाऊ लगदा मिळाला. त्यातून त्याने भांडी घडवली, पण त्याची खरी करामत होती झाकणाची. रंगाच्या डब्याचं झाकण कसं बसतं ते पाहून त्याने तीच रचना उलटी केली आणि १९४९मध्ये तिचं पेटंट मिळवलं. झाकणाचा मध्य दाबायचा, कड किंचित उचलून आतली हवा सोडायची, की झाकण घट्ट. दुकानात मात्र ते खपेना, कारण लावायचं कसं हेच लोकांना कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईने घरगुती मेळाव्यांत बायकांना ते करून दाखवलं आणि १९५१मध्ये टपरने माल दुकानांतून काढून फक्त या मेळाव्यांतून विकायचं ठरवलं. १९९६मध्ये टपरवेअर भारतात आलं तेव्हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्येही त्याच धर्तीवर दुपारचे मेळावे भरू लागले. त्या किमतींनी तेव्हा अनेक घरांत भांडणं लावली असणार! २०२४च्या सप्टेंबरमध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. झाकणाची युक्ती मात्र आता प्रत्येक ताडपत्रीवर आहे.

ती नीट उतरली आहे का, हे असं बघावं. रिकामा डबा बंद करून कड गालाजवळ धरा आणि झाकणाचा मध्य दाबा. गालाला वारा लागला तर फट आहे. कडेवरून बोट फिरवा. बोटाला टोचणारा पातळ पापुद्रा लागला तर साचा झिजलेला आहे, त्याच्या दोन भागांतून वितळलेला माल बाहेर येतो आहे. आट्यांचं झाकण असेल तर दीड फेऱ्यात ते बसलं पाहिजे, चढताना तिरकं होता कामा नये. डबा दुकानाच्या काचेवर ठेवून टोकाला बोट लावा. डगमगला तर थंड होताना बूड पिळवटलं आहे, आणि बूड पिळवटलं की तोंडही पिळवटतं. घरी आणल्यावर पाणी भरून उलटा धरा. सिलिकॉनची रिंग असेल तर ती निघते का आणि पुन्हा बसते का तेही बघा. न निघणाऱ्या रिंगेखाली महिन्याभरात काळी बुरशी धरते.

आता त्या त्रिकोणाबद्दल. तळाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा दिसला की पुष्कळ लोक निश्चिंत होतात. तो आकडा दर्जाचा शिक्काच नव्हे. १९८८मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उत्पादकांच्या संघटनेने भंगार निवडणाऱ्यांच्या सोयीसाठी तो सुरू केला. १ म्हणजे पेट, २ आणि ४ पॉलिथिनचे दोन प्रकार, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. डब्यावर ५ आणि झाकणावर ४ असणं अगदी स्वाभाविक. झाकण मऊ हवं म्हणून ते वेगळ्या जातीचं करतात. पण धारावीच्या दाण्यातून काढलेल्या डब्यावरही ५ छापता येतो, साच्यात कोरलेला आकडा आत कोणता माल ओतला ते बघत नाही. त्यापेक्षा पेला आणि काट्याचं चित्र जास्त बोलकं. अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंसाठी युरोपने ते १९८०मध्ये ठरवलं. अर्थात चित्रही कुणी कोरू शकतो. म्हणून तळाशी बनवणाऱ्याचं नाव आहे का, हे मी आधी बघतो. नाव लावणाऱ्याला पुढच्या वर्षीही त्याच बाजारात माल विकायचा असतो.

आपल्याकडचे नियम आहेत आणि चांगले आहेत. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०९१० हे मानक अन्नासाठीच्या पॉलिप्रॉपिलीनचं. आयएस ९८४५ तपासणीचं. डब्यातून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांची बेरीज अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत हवी असं ते पाहतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये वेष्टनांचे नियमही आणले. पण त्यांचा रोख अन्न भरून विकणाऱ्या व्यवसायांवर आहे. ताडपत्रीवरचा रिकामा डबा त्यांच्या तावडीत क्वचितच सापडतो.

‘बीपीए-फ्री’ या चिठ्ठीचं मला हसू येतं. बिस्फेनॉल-ए हे रसायन पॉलिकार्बोनेटमध्ये आणि काही पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या लेपात असतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ते लागतच नाही. तिथे ही चिठ्ठी लावणं म्हणजे साबुदाण्याच्या पाकिटावर ‘कांदा-लसूणविरहित’ छापणं. खोटं नाही, पण त्याचे जास्तीचे वीस रुपये देऊ नयेत.

काळ्या डब्यांबाबत मात्र मी कडक आहे. भंगारातले सगळे रंग एकत्र आले की त्यांना झाकणारा एकच रंग उरतो, काळा. जुन्या टीव्ही-संगणकांच्या आवरणांतली आग रोखणारी रसायनं काळ्या स्वयंपाकी वस्तूंत सापडल्याचे अभ्यास आहेत. २०२४च्या अशाच एका अमेरिकी अभ्यासाची जगभर ओरड झाली. मग लक्षात आलं की ६०ला ७,०००ने गुणताना संशोधकांनी ४,२०,०००ऐवजी ४२,००० लिहिलं होतं, आणि धोका दहापट मोठा दिसला होता. आकडा उतरला, रसायनं सापडली हे तसंच राहिलं. रंगीत अपारदर्शक डबा उजेडासमोर धरला आणि आत काळे ठिपके किंवा रंगाच्या लाटा दिसल्या तर तोही त्याच घराण्यातला. आणि वास! बंद झाकण उघडून लगेच नाक लावावं. रॉकेलसारखा किंवा जळकट वास आला तर ‘दोन दिवसांत जाईल हो मावशी’ यावर विश्वास ठेवू नये.

पारदर्शक डब्यांत दोन सोंगं असतात. टिचकी मारल्यावर काचेसारखा ‘टण्’ वाजतो तो पॉलिस्टायरीनचा. दिसतो देखणा, पडला की फुटतो, आणि तेला-तुपाने त्याला हळूहळू बारीक तडे जातात. संत्र्याच्या सालीचा रस तर त्याला विरघळवतो. चकल्यांसाठी हा डबा नको, बांगड्यांना चालेल. दुसरा पेटचा, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या जातीचा. डाळी-साखरेला छान, पण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे तो आकसतो, तेव्हा उकळत्या पाण्याने धुतला की संपला. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते गरम पाण्याला डगमगत नाही. थंडीला मात्र डगमगतं. शून्याच्या आसपास ते ठिसूळ होतं. फ्रीजरमधून काढलेला डबा ओट्यावर आपटला की कोपरा उडतो तो त्यामुळे.

मायक्रोवेव्हचं थोडक्यात सांगतो. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ म्हणजे डबा वितळणार नाही, इतकंच. तर्रीवरचं तेल शंभर अंशांच्या वर जातं आणि डब्याच्या आत खरबरीत वर्तुळ उमटतं. नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात बाळांच्या खाऊचे प्लास्टिकचे डबे आणि पाऊच तीन मिनिटं तापवले, तर त्यांतल्या काहींतून चौरस सेंटिमीटरमागे चाळीस लाखांहून जास्त सूक्ष्म कण सुटलेले आढळले. साठवायला प्लास्टिक, तापवायला काच किंवा चिनी माती, असं आमच्या घरात ठरलं आहे.

फराळाच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. पॉलिप्रॉपिलीन दमट हवेतली वाफ चांगली अडवतं, प्राणवायू मात्र त्यातून सावकाश झिरपतो. म्हणून चिवडा सादळला तर दोष झाकणाचा. शेव खवट झाली तर ती प्राणवायूची करणी, आणि त्यातला मोठा वाटा डब्यात वर राहिलेल्या हवेचा. अर्धा रिकामा मोठा डबा ठेवण्यापेक्षा उरलेली शेव लहान डब्यात गच्च भरावी. लिटरचा आकडाही ध्यानात असू द्या. तांदूळ लिटरमागे साधारण ८०० ग्रॅम मावतो, म्हणजे पाच किलोला सव्वासहा लिटर लागतात. पाच लिटरचा डबा घेऊन उरलेला तांदूळ पिशवीत बांधून ठेवणारी घरं थोडी नाहीत. कणीक तर आणखी जागा खाते.

हळदीचे पिवळे डाग घासून जात नाहीत. डबा उन्हात ठेवावा, हळदीतलं कुर्कुमिन उजेडाने फिकं पडतं. पण दोन-चार दिवसांत आत आणावा, कारण उन्हात पॉलिप्रॉपिलीनही झिजतं. गॅलरीत ठेवलेला डबा एक-दोन उन्हाळ्यांत खडूसारखा भुरभुरा होतो. हिंगाचा वास शोषलेल्या डब्यावर मेहनत घेऊ नये, तो हिंगालाच द्यावा.

आतून चिकट वाटू लागलेला, घासणीने ओरखडलेला, कोपऱ्यात चीर गेलेला डबा स्वयंपाकघरातून हलवायचा. फेकायचा नाही. स्क्रू, बटणं, जुन्या चार्जरच्या वायरी, गणपतीच्या मखराचे दिवे यांना त्याची चीर खुपत नाही. भंगारात द्यायचा झाला तर झाकण आणि डबा वेगळे करून द्या, दोघांची जात वेगळी असते. रद्दीवाला पांढरा डबा घेईल, काळा बाजूला ठेवेल. त्यालाही पुढे दाण्याचा भाव मिळवायचा असतो.