पाळी गेल्यावरचा दम आणि हृदयाभोवतीची चरबी

या पानावर आपण खत-पाण्याचं वाचता. आज विषय वेगळा आहे, आणि तो पुरुष सभासदांनी आधी वाचावा अशी आमची विनंती आहे.

पन्नाशीची बाई वैरणीचा भारा घेऊन बांध चढताना थांबते. रात्री दोन उशा लागतात, पाय सुजतात. घरातले म्हणतात, वय झालं. दर वेळी ते वयच असतं असं नाही.

हृदयाभोवती थोडी चरबी प्रत्येकाला असते. पाळी जाते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन उतरतं आणि चरबी पोटात व हृदयाभोवती जास्त साठू लागते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'स्वान' या स्त्रियांच्या पाहणीतून २०१५ मध्ये हे दिसलं. तिथल्याच दुसऱ्या एका पाहणीत ६,७८५ स्त्री-पुरुषांवर पंधरा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं होतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : अशी चरबी जास्त असलेल्या बायकांत हार्ट फेल्युअरचा धोका सुमारे दुप्पट, पुरुषांत दीडपट. "आमची कारभारीण दिवसभर राबते, तिला कुठली चरबी?" असं कोणी म्हणेल. पण ही चरबी वरून दिसत नाही, अंगाने बारीक बाईलाही असू शकते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. मोट ताठर झाली, नीट फुगली नाही, तर अर्धीच भरते. बैलांचा जोर पुरा असला तरी पाटात पाणी कमीच. चरबीने वेढलेलं हृदय असंच सैल पडत नाही, आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून दम. इकोच्या रिपोर्टात 'पंपिंग ६० टक्के, उत्तम' येतं, कारण तो आकडा भरलेल्यातलं किती ओतलं एवढाच सांगतो. भरलं किती, ते सांगत नाही. नुसत्या ईसीजीवरही समाधान मानू नये. दम राहिला तर हृदय सैल पडतं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. रक्तदाब आणि साखर तर तपासायचीच.

पाळी लवकर गेलेल्या बाईने अधिक जपावं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आला होता. आपला ऊस अशाच हातांनी तुटतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. ते काढले की नाही, हे ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्यावा.