नळ आपला, उगम शेजारच्या राज्यात

सातवीच्या वर्गात भूगोल शिकवताना मी मुलांना विचारलं, "आपल्या घरी पाणी कुठून येतं?" अर्धा वर्ग एकदम ओरडला, "नल से, सर!" कुणी म्हणालं टाकीतून. एका मुलीने मात्र बरोबर सांगितलं, "सिंभोरा डॅम से." तिचे मामू मोर्शीला राहतात, म्हणून तिला माहीत. मग मी विचारलं, "आणि सिंभोऱ्यात कुठून येतं?" वर्ग गप्प झाला.

खरं सांगायचं तर हाच प्रश्न आपल्या मोहल्ल्यात मोठ्यांना विचारला तरी बहुतेक जण गप्पच राहतील. नळ आला की हंडे भरायचे, नाही आला की महापालिकेला नावं ठेवायची, इथपर्यंतच आपला पाण्याशी संबंध. पण जे पाणी आपण पितो, ज्याने वुजू करतो, ते आपल्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेरून येतं. तिथे काय चाललंय याची आपल्याला खबर नसेल, तर उद्या नळातून काय येईल हे आपल्या हातात राहत नाही.

अमरावतीचं पाणी मुलताईचं

अमरावती शहराला पाणी देणारं अप्पर वर्धा धरण मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ आहे. १९९३ साली ते पूर्ण झालं. जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. त्याआधी शहराची भिस्त वडाळी आणि छत्री तलावासारख्या जुन्या तलावांवर होती. आज शहराची तहान, शेतीचे कालवे आणि नांदगाव पेठचं वीज केंद्र, सगळ्यांना हेच धरण पाणी पुरवतं.

वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळच्या सातपुड्याच्या पठारावर. म्हणजे धरण महाराष्ट्राचं, पण नदीचं डोकं शेजारच्या राज्यात. गंमत अशी की १९५६ पर्यंत हा प्रश्नच नव्हता. अमरावती, अकोला आणि बैतूल तेव्हा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात आला आणि मध्ये सीमारेषा पडली. नदी मात्र होती तशीच वाहत राहिली.

वरच्या भागात झाडं तुटली, उतारावर नांगर फिरला, तर पहिल्या पावसात माती वाहून येते. ती धरणाच्या तळाशी बसते आणि तेवढी पाण्याची जागा कायमची कमी होते. शेतातलं जास्तीचं खत आणि गावांचं सांडपाणी उतरलं, तर पाण्यात शेवाळ वाढतं, वास येतो, शुद्धीकरणाचा खर्च चढतो. हे वाहून येणारं सगळं दोन्ही राज्यांतून येतं. आपल्या बाजूला वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा आहे. तिथे भूजलाचा इतका उपसा झालाय की बोअर हजार फुटांपर्यंत गेल्यात. जमिनीतलं पाणी खोल गेलं की पावसाळ्यानंतर ओढे-नाले लवकर आटतात. तेव्हा बोट फक्त मध्य प्रदेशाकडे दाखवून चालणार नाही.

अकोल्याची गोष्ट वेगळी नाही

अकोला शहराला पाणी येतं बार्शीटाकळी तालुक्यातल्या महानच्या काटेपूर्णा धरणातून. काटेपूर्णा उगम पावते वाशीम जिल्ह्यात. १९९८ पर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर वेगळे झाले, नदी एकच राहिली. धरणातला साठा घटला की शहरात चार-पाच दिवसांनी नळ येतो. अकोल्यातल्या घरात ड्रम, कोठ्या, जार कसे ओळीने मांडलेले असतात ते सांगायला नको.

अकोट-तेल्हाऱ्याकडे आधार आहे वान धरणाचा. वान नदी मेळघाटच्या जंगलातून येते आणि तिचं पाणी अकोला जिल्ह्याबरोबर बुलढाण्यातल्या शेगावलाही जातं. या पाण्याच्या डोक्यावर जंगल आहे, आणि जंगल फुकटात चाळणीचं काम करतं. पण वाटणीवरून भांडण इथेही आहेच. वानचं पाणी बाळापूर तालुक्यातल्या गावांना द्यायचं की नाही यावरून तेल्हाऱ्याचे शेतकरी आणि बाळापूरची गावं समोरासमोर आली. २०२३ मध्ये खारं पाणी सोबत घेऊन लोक अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पायी निघाले होते.

खारं पाणी कशासाठी, हे बाहेरच्यांना कळत नाही. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. शेकडो गावांत विहीर खणली तरी पाणी खारट लागतं. तिथले लोक किडनीच्या आजाराचा संबंध या पाण्याशी जोडतात. इथे एक गोष्ट आपल्या आया-बहिणींनी लक्षात ठेवावी: उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. या गावांना दुरून येणारं गोडं पाणी हाच इलाज आहे, म्हणून दूरचा उगम सांभाळणं त्यांच्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे.

तापीचा करार: काय मिळालं, काय राहिलं

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तापी खोरे मेगा रिचार्ज योजनेचा करार केला. ३१.१३ टीएमसी पाणी वापरायचं, त्यातलं १९.३६ महाराष्ट्राला आणि ११.७६ मध्य प्रदेशला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. खंडवा आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवर खाऱ्या-गुटीघाटला बंधारा बांधायचा आणि दोन्ही काठांनी कालवे काढून सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जमिनीत मुरवायचं, अशी कल्पना आहे. पायथ्याच्या या दगडगोट्यांच्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. अचलपूर, अकोट, तेल्हारा भागातल्या विहिरी याच पट्ट्याच्या जिवावर आहेत.

हा विचार नवा नाही. मेळघाटच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला मुघल काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत येणारं पाणी एकमेकींना जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांतून शहरापर्यंत आणलं. चारशे वर्षांनी आपण पुन्हा त्याच डोंगराच्या पायथ्याशी आलोय.

करार ही चांगलीच गोष्ट आहे. पण जाहीर झालेल्या तपशिलात भर आहे तो पाण्याच्या वाट्यावर, सिंचनाच्या क्षेत्रावर आणि कालव्यांवर. पाणी स्वच्छ कोण ठेवणार, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. बझाड्यात पाणी झपाट्याने मुरतं, म्हणजे घाणही झपाट्याने खाली जाते. कालव्यात सांडपाणी मिसळलं तर तेच आपण विहिरीत भरून ठेवू. दुसरीकडे धारणी तालुक्यातल्या आदिवासी गावांना जमीन आणि जंगल जाण्याची भीती आहे. उगमाजवळ राहणाऱ्याला नाराज करून खालच्याला पाणी फार काळ मिळत नाही.

वरच्याला त्याचा हक

मग दुसऱ्यांनी काय केलं? न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पाणी दोनशे किलोमीटरपर्यंतच्या डोंगराळ भागातून येतं. १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला. गावांचे सेप्टिक टँक दुरुस्त करायला, शेतकऱ्यांना खत नदीत जाऊ न देण्यासाठी, जंगल राखायला शहर पैसे देतं. त्या पाण्यासाठी अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

आपल्या देशातही उदाहरण आहे. हिमाचल प्रदेशातल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये बोहल झऱ्याच्या वरचं जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांशी करार केला आणि वर्षाला दहा हजार रुपये द्यायचं ठरवलं. रक्कम छोटी, पण तत्त्व मोठं: जो उगम राखतो त्याचा पाण्यावर आणि पैशावर हक आहे.

आपल्याकडे दोन राज्यांनी मिळून नदी मंडळ स्थापण्याचा कायदा १९५६ पासून आहे, पण त्याखाली असं मंडळ उभं राहिलं नाही. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात पिण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाची तरतूद आहे, पण राज्याची सीमा आली की तो कायदा थांबतो.

आपण काय करायचं

पहिलं, माहिती मागा. धरणातून उचललेल्या कच्च्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल महापालिकेकडे, जीवन प्राधिकरणाकडे माहितीच्या अधिकारात मागता येतो. गावात राहत असाल तर ग्रामसभेत विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा विषय लावा.

दुसरं, मागणी नेमकी करा. "पाणी द्या" एवढंच नको. अप्पर वर्धासाठी बैतूल आणि अमरावती, काटेपूर्णासाठी वाशीम आणि अकोला, या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांची वर्षातून दोनदा बैठक व्हावी, पाण्याची तपासणी उगमापासून नळापर्यंत व्हावी आणि पाणीपट्टीतला थोडा हिस्सा वरच्या गावांच्या झाडांसाठी, गटारांसाठी जावा. नगरसेवक मत मागायला येतात तेव्हा हे विचारायला हवं.

तिसरं, आपल्या हातातलं. वडाळी तलाव असो की मोर्णा नदी, त्यात कचरा टाकणारे हात आपलेच असतात. आपणही कुणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो. अकोल्याची मोर्णा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णाकाठची गावं आपल्यासारखीच माणसांची आहेत. मुलताईवाल्यांकडून जी अपेक्षा ठेवायची, ती आधी आपण पाळायची.

वर्गात मी मुलांना घरचा अभ्यास दिला: आपल्या नळापासून उलटं चालत जा आणि नकाशावर नदीचा उगम शोधा. दुसऱ्या दिवशी एका मुलाने वही दाखवली. त्याने वर्धा नदी निळ्या पेनने काढली होती, पण राज्याची सीमा काढायची राहून गेली होती. मी ती चूक धरली नाही.