मूल कधी, हे सगळे विचारतात. का, हे कोण विचारणार?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी भाग.

लग्नाला सहा महिने झाले की "गुड न्यूज कधी?" सुरू होतं. मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसातले लोकही विचारतात. सगळ्यांचा प्रश्न 'कधी' असा असतो. 'का' असं कोणी विचारत नाही. आज आपण तो 'का' घेऊया.

२०१९ मध्ये मुंबईतला एक तरुण जगभर बातमीत आला. मला न विचारता जन्माला घातलं म्हणून आईवडिलांवर केस करणार, असं तो म्हणाला. गंमत म्हणजे आईवडील दोघंही वकील! आईने उलट विचारलं, की जन्माआधी तुझी परवानगी घ्यायची तरी कशी, ते सांग.

हसू येतं, पण मुद्दा पोकळ नाही. बेशुद्ध पेशंटचं ऑपरेशन डॉक्टर त्याला न विचारता करतात, कारण नाही केलं तर त्याचं नुकसान होईल. मूल जन्मालाच आलं नाही तर नुकसान कोणाचं? ज्याचं व्हावं असं कोणी अस्तित्वातच नसतं. म्हणजे ती सबब इथे चालत नाही. परवानगी मागता येत नाही म्हणून आपण मोकळे होत नाही, जबाबदारी उलट वाढते.

दक्षिण आफ्रिकेचे तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटार याच्याही पुढे जातात. २००६ च्या पुस्तकात त्यांनी एक हिशोब मांडला. माणूस जन्मला तर दुःख येतं, ते वाईट. सुख येतं, ते चांगलं. जन्मलाच नाही तर दुःख टळतं, हे चांगलंच. पण सुख हुकलं, हे वाईट म्हणता येत नाही, कारण ते हुकलं असं वाटणारा कोणी नाही. म्हणून न जन्मणंच बरं, असा त्यांचा निष्कर्ष.

यात एक गाठ आहे बघा. दुःख टळलं हे 'चांगलं' म्हणायला कोणी असावं लागत नाही, पण सुख हुकलं हे 'वाईट' म्हणायला मात्र कोणी असावं लागतं! दोन्हीकडे वेगळा नियम का? टीकाकार नेमकं इथेच बोट ठेवतात. शिवाय, अडचणी असूनही जन्मलो ते बरं झालं असं म्हणणारी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. बेनाटार म्हणतात, ती स्वतःची समजूत घालतात. पण एखाद्याचं आयुष्य जगण्यासारखं आहे की नाही, हे त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं म्हणणं जरा जास्तच होतं.

मग मधला रस्ता? त्यासाठी आपल्याकडचंच नाव घेऊया. र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये वारले तोपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांनी आणि मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. पण कोणीच मूल जन्माला घालू नये, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मूल हवं तेव्हाच व्हावं आणि बाईच्या शरीरावर हक्क बाईचा असावा, हे त्यांचं म्हणणं.

हे आज कायद्यातही आहे. मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे सासू, आई, नवरा यांनी मत जरूर द्यावं, पण नऊ महिने जिला काढायचे तिच्या 'नाही'च्या वर ते जाऊ शकत नाही.

आता तुमच्यासाठी. म्हातारपणी आधार, वंशाचा दिवा, लोकांची तोंडं बंद करणं, डळमळणारं लग्न सावरणं. ही सगळी कामं आपण न जन्मलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो. त्यापेक्षा दोघांनी बसून तीन प्रश्न घ्या.

१. त्या मुलाने यातलं एकही काम केलं नाही, तरी ते आपल्याला हवं आहे का?
२. रात्रीची जागरणं, सुट्ट्या, करिअरमधला ब्रेक कोण घेणार, हे आत्ताच ठरलंय का?
३. उद्या त्याने "मला का आणलंत?" विचारलं, तर त्याच्या डोळ्यांत बघून सांगता येईल असं उत्तर आहे का?

उत्तरं 'हो' असतील तर आनंदाने पुढे जा. 'अजून नाही' असेल तर थांबा. 'नकोच' असेल तर तेही पूर्ण उत्तर आहे, त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही. आणि पुढच्या लग्नात कोणाला "गुड न्यूज कधी?" विचारावंसं वाटलं, तर त्याऐवजी "जेवलात का?" विचारा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!